फाईल

समिती येणार सोमवारी.
म्हणून रविवारीही कॉलेज उघडं, आणि मी
अठ्ठावन्न फायलींच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवतेय.
'विद्यार्थ्यांचा अभिप्राय'. 'उद्योगांशी संबंध'.
'अध्यापकांचा व्यावसायिक विकास', ही सगळ्यात जाड.
तिच्यात माझीच अकरा प्रमाणपत्रं,
पाच दिवसांची, सात दिवसांची,
दोन तर खानापूरच्या घरी बसून मिळवलेली,
कॅमेरा बंद, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

खाली वर्कशॉपात कुणीतरी कानस चालवतंय.

जिना उतरले. परशराम हलगेकर,
इन्स्ट्रक्टर, एकतीस वर्षं, पुढच्या महिन्यात निवृत्त.
आणि व्हाइसला चिकटून शिवलीला, तिसऱ्या सेमिस्टरची,
रामदुर्गाकडची,
जिचा जॉब त्यांनी दोनदा परत केलाय.
पन्नास बाय पन्नासचा तुकडा. हवाय फक्त एक काटकोन.

हातात काय आहे तुझ्या, मी विचारलं,
वर्गात विचारायची सवय.
"अर," ती म्हणाली, आणि जीभ चावून,
"फाईल, मॅम."
"कानस," परशराम म्हणाले, मान न वळवता.
तीन नावं झाली.
लोखंडानं एकालाही ओ दिली नाही.

मग ते तिला तिच्या भाषेत सांगू लागले,
कडोलीच्या वळणाचं कन्नड, मोडकं, पण नेमकं:
पुढं जाताना ओत्तु,
मागं येताना एत्तु.
दाब. उचल.
मागं येताना घासलं तर दात मरतात.
ओत्तु. एत्तु.
हेच मी शिकवते, चौदाव्या स्लाइडवर,
पुढचा बाण लाल, मागचा निळा.
माझ्या बाणांना आवाज नाही.

"तुम्ही बघा की मॅडम एकदा."
बघितलं. पीएचडीचे हात.
दहा घासांत खांदा भरून आला,
आणि कडेला गोलाई.
"पोट आलं बघा," ते म्हणाले, अजिबात न हसता,
गुण्या लावून तुकडा खिडकीकडं धरला.
गुण्याच्या पात्याखालून
सकाळची एक पिवळी रेघ आरपार.
आयुष्यभर ऐकत आले, काय उजेड पाडलास!
तो असा दिसतो तर.

विचारलं, तुमचं नाव त्या फायलीत कसं नाही?
"एकदा पाठवणार होते, चेन्नईला.
खरं आयटीआयवाल्याला बसत नाही म्हणाले."
एवढंच. रुमालानं गुण्या पुसला.
सीएनसी ते उद्यमबागेत शिकले,
भाच्याच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी,
पाठीमागं हात बांधून, पोरांच्या मागं उभं राहून.
"प्रोग्रॅम लिहायला नाही येत मला, खरं
टूल मोडायच्या आधी कळतं. वास येतो."
हा वास कोणत्या रकान्यात घालायचा?
मी खरंच विचार करत होते. रकाने पाठ आहेत मला.

शिवलीला तोवर थांबली नव्हती.
ओठ हलत होते तिचे, ओत्तु, एत्तु,
वेणी पुढं आली की मनगटानं मागं सारायची,
हाताचा कीस गालाला लागला होता.
तिसऱ्यांदा तिनं तुकडा दिला.
त्यांनी खिडकीकडं धरला.
फिरवला. परत धरला.
मीही वाकून पाहिलं, समितीसारखी,
आणि मला काहीच दिसलं नाही,
म्हणजे जे दिसायला नको तेच दिसलं नाही.

"घाल नंबर," ते मराठीत म्हणाले. तिला कळलं.

मी वर आले. चिठ्ठ्या उरल्यात अजून सतरा.
डिंकाच्या बाटलीवर माझ्या बोटांचे काळे ठसे.
खालून हातोडीचा आवाज,
रोल नंबरचे शेवटचे तीन आकडे,
पंच ठेवून, श्वास धरून.
शून्य.
चार.
मग जरा वेळ काहीच नाही.
नऊ.

"तिरका आला, सर."

"ऱ्हाऊ दे."